झाकणाची खूण

आमच्या घरच्या माणसाला पाखरांशी बोलता येत होतं, माझ्याशी न्हाई. आधी पाखरं नव्हती तेव्हा ते कोणाशीच बोलत नव्हते. मला वाटायचं, जाऊ दे, माणूसच घुमा आहे, आपल्यावर राग न्हाई. त्या समजुतीवर मी तीस वर्षं काढली.

परतूरला जिनिंगमध्ये फिटर होते ते. कापसाच्या हंगामात तिथं मशिनींची अशी धडधड, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत न्हाई. म्हणून तिथली माणसं हातानं बोलायची. तळहात खाली दाबला की मशीन बंद कर. बोट गोल फिरवलं की पट्टा बघ. पंजा पालथा करून डोक्यावर धरला की झाकण टाक. हीच बोली त्यांनी घरी आणली. अंगठा तोंडाकडं गेला की पाणी. दोन बोटं तळहातावर आपटली की जेवण. आणि मला बोलवायचं तर चुटकी. उजव्या हाताची, खणखणीत. मी मोरीत असो, अंगणात असो, सासूच्या मयताला जमलेल्या बायांत बसलेली असो, चुटकी वाजली की मी उठायचं. नव्या नवलाईत माहेरी आईपाशी रडले, तर ती म्हणाली, "मारत तर न्हाई ना? मंग कशाला नाटकं करते?" मारलं त्यांनी कधीच न्हाई, खोटं कशाला बोलू.

रिटायर झाले आणि घरामागच्या जागेत त्यांनी झाडं लावली. जास्वंद, डाळिंब, कढीपत्ता, भिंतीला मधुमालती. पाखरांसाठी मातीची पसरट थाळी मांडली. एक दिवस सकाळी मागून पुरुषाच्या बोलण्याचा आवाज आला. मऊ आवाज, हसून बोलणारा. मला वाटलं कोणी पाव्हणा आला. लगेच चहा टाकला, दोन कप भरले, पदर सारखा केला आणि मागच्या दारात गेले. बघते तर पाव्हणा कुठला आलाय! हेच उकिडवे बसलेले, थाळीवर बुलबुलाची जोडी, आणि हे म्हणतायत, "या गं बायांनो, या. आज उशीर केला? ऊन लागलं का?"

मी दोन कप घेऊन तशीच उभी. त्यांनी मागं पाहिलं, चूप झाले आणि एका कपाकडं बोट केलं. म्हणजे, ठेव इथं.

त्या दिवसापासून पाखरं माझ्या डोक्यात गेली. लोक हसतील, पण सवत परवडली असती. सवतीशी भांडता तरी आलं असतं, तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या. बुलबुलाचं काय करणार? काळा-पांढरा दयाळ भिंतीवर बसून गायला लागला की हे मान डोलवायचे. मी जात्यावरच्या ओव्या म्हणते, गल्लीतल्या बाया मला लग्नाघरी मुद्दाम बोलावतात, पण माझ्या आवाजावर ही मान कधी हलली न्हाई. मी कधीकधी थाळी कोरडी ठेवायची आणि सांगायची, मांजरानं सांडलं. ते खालमानेनं उठून पाणी भरायचे. तेवढंच मला बरं वाटायचं.

मंग दोन वर्षांमागं, दिवाळीच्या फराळाचं चाललेलं असताना, ते पाटावरून कलंडले. उजवं अंग गेलं. जीभही गेली. बोलू पाहायचे तर एकच आवाज निघायचा, "य्या." उजव्या हाताला तर काहीच कळत न्हाई. एकदा माझ्याकडून त्यावर उकळता चहा सांडला, टरारून फोड आला, आणि हे खिडकीतून बाहेर पाहत राह्यले. मी ओरडले तेव्हा त्यांनी खाली बघितलं, जसा हात दुसऱ्याच कोणाचा आहे.

चुटकीचा हात गेला. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ढसाढसा रडले, आणि रडता रडता मनाचा एक कोपरा म्हणाला, बरं झालं. देवानं मला त्यासाठी काय शिक्षा करायची ती करावी. मला वाटलं, आता तरी हा माणूस माझ्याकडं बघंल. आता पाणी मी देणार, घास मी भरवणार, कूस मी बदलणार. जाणार कुठं?

कुठंच गेले न्हाईत. फक्त नजर गेली. मी घास भरवत राह्यची आणि त्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून मागच्या खिडकीत. जास्वंदीवर काही हललं की तोंडातला घास तसाच आणि आवाज यायचा, "य्या... य्या." ते 'या' होतं, न कळायला मी काय दुधखुळी आहे? सगळी भाषा गेली आणि एकच शब्द उरला, तोही पाखरांचा. मला बोलवायचं तर डाव्या हातानं खुर्चीच्या दांडीवर टकटक.

लेकीनं संभाजीनगरहून चाकाची खुर्ची आणून दिली. रोज चार वाजता मी ती मागं अंगणात न्यायची, जास्वंदीला लागून लावायची. या फाल्गुनात त्याच झुडपात बुलबुलानं घरटं केलं. अगदी बसलेल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, वाटीएवढं. आधी तीन अंडी, मंग तीन पिल्लं. नुसती कातडी आणि चोच. हे तिन्हीसांजेपर्यंत त्यांच्याकडं तोंड करून बसायचे. दोघं नवरा-बायको पाखरं अळ्या घेऊन यायची, यांना बिलकुल भ्यायची न्हाईत. मी आतून पोळ्या लाटता लाटता पाहायची. कशी सांगू, लाटणं हातात असायचं आणि जीव जळायचा.

रंगपंचमी होऊन चार-सहा दिवस झाले असतील. मी कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, चीक काढायचा, पहाटे उठून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. हाताची सालटी निघतात. सगळी गच्ची भरली होती, जुन्या नऊवाऱ्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया. एकटीनं केल्या होत्या.

दुपारभर असं तापलं की अंगणात पाय ठरत नव्हता. चारला मी यांना बाहेर नेलं तेव्हा वारा पार पडलेला. चिमण्या भिंतीपाशी धुळीत न्हात होत्या, पंखांनी माती उडवत होत्या. सातभाई मधुमालतीत घुसून कचाकचा भांडत होते. नेहमीचंच वाटलं. मंग थोड्या वेळानं ते एकदम गप्प झाले, सगळे एकाच वेळी. मी भाजी निवडत होते, माझा हात थांबला. पश्चिमेकडून आभाळ उठलेलं. काळं असतं तर काही वाटलं नसतं, पण ते पिवळट होतं, जुन्या माराच्या वळासारखं. घारी खाली आल्या. साळुंक्यांचा थवा डोक्यावरून नुसता पळत सुटला. आणि गार वाऱ्याचा एक झोत आला, त्यात ओल्या मातीचा वास.

माझ्या कुरडया!

मी जिना चढले. एवढंच मनात होतं, देवाशप्पथ, तेव्हा दुसरं काही नव्हतं. शेजारच्या आपा त्यांच्या गच्चीवर पापड गोळा करत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि ओरडल्या, "भाभी, भाईसाब बाहर हैं ना! पैले उनकू अंदर लेव!"

मी म्हणाले, "घेते की, दोन मिनिटं."

एका नऊवारीची चारी टोकं धरून मी पहिलं गाठोडं खाली आणलं, आतल्या पलंगावर ठेवलं. पुन्हा वर गेले. दुसरं आणलं. तोपर्यंत थेंब सुरू झाले, जाड जाड, धुळीत खड्डे पाडणारे. तिसरं गाठोडं आणताना वरून मला ते दिसले. खुर्चीत तिरके झालेले, तोंड झुडपाकडं. आपा पुन्हा काहीतरी ओरडल्या, ते मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. चौथ्या खेपेला गारा सुरू झाल्या.

पहिल्यांदा बोराएवढ्या. पत्र्यावर एकदोन वाजल्या, आणि मंग एकदम सगळ्या. स्वयंपाकघराच्या पत्र्याचा असा आवाज, की माझाच आवाज मला ऐकू येईना. मागच्या दाराच्या चौकटीत मी उभी, आणि पंधरा-वीस पावलांवर हे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बराबर माझ्याकडं, डोळ्यात डोळे घालून. किती वर्षांनी, मला आठवत न्हाई. माझा जीव इतका भरून आला, म्हटलं आता बोलवतील. आता डावा हात पुढं करतील, मला आत ने म्हणतील. म्हणाले असते तर मी त्या गारांतून उघड्या डोक्यानं धावले असते. उचलून आणलं असतं.

त्यांनी डावा हात वर केला. पंजा पालथा केला. डोक्यावर धरला आणि मंग तोच पंजा जास्वंदीवर धरला. जिनिंगमधली खूण. झाकण. घरट्यावर घालायला टोपली आण, परात आण, काहीतरी झाकण आण.

माझ्या पायाशी, चौकटीला टेकून, भाकरीची टोपली होती. हात लांब केला की मिळंल एवढी जवळ.

मला ती खूण कळली न्हाई असं मी कोणालाही सांगू शकते. लेकीला तसंच सांगितलं. पण यांच्या सगळ्या खुणा मला झोपेतही कळतात, तीस वर्षं त्यावरच तर जगले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वरून दगड पडायलेत, कपाळावरून पाणी गळायलंय, आणि या माणसाला अजूनही स्वतःसाठी मी नको. पाखरांसाठी पाहिजे. तेही टोपली आणून द्यायला.

मी आत वळले आणि चुलीवरचा तवा घेतला. गारा पडायला लागल्या की आमच्यात बाया अंगणात तवा पालथा टाकतात. गारा थांबतात म्हणे. आजी टाकायची, सासू टाकायची. मी दारातूनच तवा भिरकावला. तो चिखलात पालथा पडला, त्याच्यावर गारा टणाटणा वाजल्या. नवरा बाहेर गारांत आणि मी दारात उभी राहून तवा टाकत होते. मी मनाला म्हटलं, झालं, मी माझं केलं.

त्यांनी पुन्हा खूण केली. पालथा पंजा. मी नुसती मान हलवली, ऐकू येत न्हाई अशी. खुणेला ऐकू कशाला यायला पाहिजे?

मंग त्यांनी जे केलं ते मी उभ्यानं पाहिलं. डाव्या हातानं त्यांनी आपला मेलेला उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि झुडपात घरट्यावर नेऊन ठेवला. छप्पर घालावं तसा. त्या हाताला लागत न्हाई, हे त्यांना ठाऊक होतं. डाव्या हातानं खुर्चीची दांडी धरली, मान खाली घातली आणि बसले. गारा लिंबाएवढ्या झाल्या. त्यांच्या टकलावर एक बसली, तिथून रक्ताची बारीक धार निघाली. मी मोजत नव्हते, पण पोळी करपावी एवढा वेळ नक्की गेला. मी दारातच होते.

थांबल्याही एकदम. अंगण पांढरं. जास्वंदीला पान राह्यलं न्हाई, नुसत्या काड्या. मागच्या खिडकीची काच फुटून आत पडलेली. मी गेले, खुर्ची ओढत आणली, अंग पुसलं, कपडे बदलले, डोक्याला हळद दाबली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत काळानिळा, सुजून दुप्पट झालेला. मी तो पुसत होते आणि त्यांना त्याची खबरच नव्हती. ते थडथडत होते आणि डाव्या हातानं बाहेर दाखवत होते. "य्या? य्या?"

मी बघून येते म्हटलं.

बाहेर अजून थोडा उजेड होता. झुडपाच्या बुडाशी एक पिल्लू पडलेलं, मेलेलं. ते वाऱ्यानंच आधी खाली पडलं असणार, कारण हात होता तिथून बरंच बाजूला होतं. मी वाकून घरट्यात पाहिलं. बाकीची दोन होती. ओली, थरथरणारी, पण जिती. माझ्या सावलीला आई समजून त्यांनी चोची उघडल्या, लालभडक. त्यांच्यावर एक गार पडली नव्हती. एकसुद्धा न्हाई.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. माणसाला होतो. मला त्या उघड्या चोची बघून आणखी राग आला. अरे, त्या हाताखाली मी कधी होते का? माझ्यावर कधी कोणी असं छप्पर धरलं होतं का?

मी खाली पडलेलं पिल्लू उचललं, आत गेले आणि यांच्यापुढं तळहातावर धरलं.

"मेली," मी म्हणाले. "तिन्ही मेली. तुमच्याच हाताखाली चेंगरली."

त्यांनी पिल्लाकडं पाहिलं. मंग माझ्याकडं. मी नजर हलवली न्हाई. मंग त्यांनी मांडीवरच्या त्या सुजलेल्या हाताकडं पाहिलं, आणि ते पाहणं मला मरेपर्यंत सोडणार न्हाई. त्याला काही कळत न्हाई ना. किती दाबला गेला, किती जड पडला, त्यांना कसं कळावं? मी म्हणाले म्हणजे तसंच झालं असणार. दुसरा साक्षीदारच नव्हता. त्यांनी डाव्या हातानं तो हात उचलला आणि चादरीखाली ढकलला.

लेकीचा फोन आला. "आई, बाबांना आत कसं न्हाई घेतलं गं?" मी म्हणाले, गारा अचानक आल्या, माझी किती धांदल झाली म्हणून सांगू. ती म्हणाली, तू तरी एकटी काय काय करशील. शेजारच्या आपा मात्र आता भिंतीपलीकडून हाक मारत न्हाईत. समोर आल्या तर सलाम करतात आणि चालू लागतात. त्यांनी गच्चीवरून किती पाहिलं, मी विचारलं न्हाई.

फुटक्या खिडकीला मी पुठ्ठा ठोकला. काच बसवायची आहे, बसवू कधीतरी. दुसऱ्या दिवशी चार वाजता खुर्ची बाहेर न्यायला लागले तर त्यांनी डाव्या हातानं चौकट धरली आणि सोडेनात. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच न्हाई.

बुलबुलाच्या जोडीतलं एकच परत आलं. एकट्यानं त्या दोघांना भरवलं. मी रोज जाऊन पाहायची, चोरासारखी. मांजर भिंतीवर दिसलं की चप्पल फेकायची. थाळी भरून ठेवायची, स्वच्छ धुऊन. आठवड्याभरानं सकाळी दोन्ही पिल्लं काड्यांवर येऊन बसली, एक उडालं, दुसरं पडलं, पुन्हा चढलं, उडालं. मी एकटी उभी होते. माझ्या तोंडातून निघालं, "जा गं बायांनो." मी पटकन तोंडावर पदर धरला, आत ऐकू जाईल म्हणून.

कुरडया छान वाळल्या. एकही वाया गेली न्हाई. तळल्या की फुलतात, लेकीला डबा भरून दिला. माझ्या घशाखाली अजून एक उतरली न्हाई.

आता ते खिडकीकडं बघत न्हाईत. आता ते माझ्याकडं बघतात. मी केर काढते तर माझ्याबरोबर त्यांची नजर फिरते, मी मोरीत गेले तर दाराकडं लागून राहते. आणि बोलवतातही. टकटक न्हाई आता. "य्या," म्हणतात. मऊ आवाजात, जसे पाखरांना म्हणायचे तसे. तीस वर्षं मी ह्याच हाकेसाठी जळले.

मी जाते. मला माहीत असतं कशासाठी बोलवलं ते. चादरीखालून त्यांनी तो उजवा हात काढून मांडीवर ठेवलेला असतो आणि डाव्या हातानं साबण दाखवतात. दिवसातून तीनदा, चारदा. धुऊन दे. मी तांब्या आणते, घमेलं आणते, साबण लावते. त्या हाताला पिल्लांचं काही लागलेलं न्हाई, हे घरात मला एकटीलाच ठाऊक आहे. ते माझ्या तोंडाकडं बघत राहतात, निघालं का, असं. सांगायला तोंड उघडते दरवेळी. मंग म्हणते, "थांबा, अजून एकदा लावते," आणि बोटं एकेक करून चोळते.